सातव्या अंकाच्या चुकलेल्या प्रती

१

रविवारी सकाळी मोटारसायकलवर इंझोरीहून निघायचं, मंगरूळपीरच्या बसस्टँडसमोर पोहे खायचे आणि मग अनुपच्या घरी वरच्या खोलीत जाऊन बसायचं, हा माझा कॉलेज संपल्यापासूनचा नेम होता. खोलीला टिनाचं छप्पर, निळा दरवाजा, एक लोखंडी पलंग आणि अनुपच्या आईच्या लग्नातलं कपाट. आई गेल्यापासून त्या कपाटात साड्यांच्या जागी 'वादळवीर' असायचा.

'वादळवीर' हे आमच्या मामा-काकांच्या लहानपणीचं मराठी कॉमिक. पिवळी केप, लाल बंडी, निळी विजार, काळा मुखवटा. प्रकाशन कधीच बंद पडलं. आम्ही दोघं त्याच्या गोष्टी जमवत नव्हतो, छपाया जमवत होतो. एकच अंक चार-पाच वेळा छापला जायचा आणि दर वेळी काहीतरी बदलायचं. मागच्या पानावर दंतमंजनाच्या जाहिरातीच्या जागी सायकलची यायची, किमतीचा गोल डावीकडे सरकायचा, वादळवीरचा अंगठा एका छपाईत बाहेर असायचा तर दुसरीत मुठीत. हे ऐकून लोक हसतात. हसोत. प्रेमाने पाहणाऱ्यालाच फरक दिसतो, असं माझं मत आहे.

पाहायची आमची पद्धत ठरलेली. हात धुऊन कोरडे करायचे, पलंगावर धुतलेलं धोतर अंथरायचं, आणि दोन प्रती एकावर एक ठेवून खिडकीच्या उजेडात धरायच्या. रेघेवर रेघ बसली तर छपाई एकच. याला आम्ही 'लावून पाहणं' म्हणायचो.

त्या रविवारी मी पोचलो तेव्हा धोतर आधीच अंथरलेलं होतं आणि त्यावर सातवा अंक होता, 'खाणीतला कैदी'. हा अंक सगळ्यात जास्त वेळा छापला गेला, त्यामुळे आमच्याकडे त्याच्या पुष्कळ प्रती होत्या. मी वाकून पाहिलं. मुखपृष्ठावरचं आकाश पांढरं होतं. विजार पांढरी. झाडं पिवळी. निळा रंग कुठेच नव्हता.

त्या काळच्या मशिनीतून कागद चार वेळा जायचा. आधी पिवळा, मग लाल, मग निळा, शेवटी काळा. एखादा कागद एखाद्या खेपेला राहून गेला तर तो रंग उतरायचाच नाही. असले कागद रद्दीत टाकायचे. चुकून बांधणीत गेलेली प्रत म्हणजे आमच्यासाठी सोनं. गेल्या दिवाळीत याच पलंगावर बसून आम्ही दोघांनी बोलून दाखवलं होतं, सातव्या अंकाच्या चारही रंगांच्या चुकलेल्या प्रती मिळाल्या पाहिजेत. चांगल्या प्रतीला कोण विचारतो?

"कुठून आणली बे?"

"सापडली," अनुप म्हणाला. "घरातच होती. नीट पाह्यलं नव्हतं आपण."

मी प्रत हातात घेतली, वास घेतला, छान आहे म्हणालो. माझे कान तापले होते. सकाळचे पोहे तोंडात आंबट झाले.

२

अनुप वाईट नाही, हे आधी सांगून ठेवतो. तो वडिलांच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बसायचा, कमी बोलायचा, कुणाचं वाईट चिंतायचा नाही. पण त्याने 'वादळवीर' मनापासून कधी वाचला नव्हता. प्रत आणायची, प्लास्टिकच्या पिशवीत घालायची, कपाट लावायचं. चावी गळ्यात.

मी इंझोरीच्या समाजमंदिरात पोरांसाठी वाचनालय चालवतो. सरकार करत नाही, पुढारी करत नाहीत, म्हणून मी करतो. पुस्तक बंद कपाटात ठेवणं हा मला गुन्हा वाटतो. माझं स्वप्न होतं की तिथल्या भिंतीवर काचेत 'वादळवीर'च्या सगळ्या छपाया लावाव्यात, म्हणजे पोरांना कळेल की छापलेली गोष्टही बदलत असते. यासाठी मी वाशीम, कारंजा, धनजचा बाजार, सगळीकडची रद्दी उपसली. धुळीने छाती भरली. आणि निळ्याची चुकलेली प्रत सापडली कुणाला, तर घरातून न हलणाऱ्याला.

रात्री अंथरुणावर पडल्यावर एक गोष्ट डोक्यात आली. कॉमिकच्या आतल्या पानांचे कागद वेगळे छापतात, मुखपृष्ठाचा जाड कागद वेगळा, बहुतेक वेगळ्या दिवशी. चुकायचा तर एक कागद चुकेल. अनुपच्या प्रतीत सगळी पानं चुकलेली होती, मुखपृष्ठासकट. असं होण्यासाठी मशिनीवरच्या माणसाने निळा रंग विसरून अख्खा अंक छापायला हवा. आणि मग अशी एक नाही, हजारो प्रती असायला हव्यात.

मी विचार केला आणि सोडून दिला. प्रत खोटी असती तर मला आनंद झाला असता. ती खोटी नव्हती. मी बोट फिरवून पाहिलं होतं. रंग खरवडलेला नव्हता, धुतलेला नव्हता. कागद तिथे कोराच होता, कधी काही लागलंच नसल्यासारखा.

३

पुढे काही रविवार गेले आणि लाल रंगाची चुकलेली प्रत आली. तीही घरातच सापडली म्हणे.

त्या दिवशी अनुपची बहीण मंजुषा आलूबोंडे आणि रस्सा घेऊन वर आली. ती गावातल्या एका शाळेत शिकवते, मला ऋषीभाऊ म्हणते. रश्शावरचा तवंग पिवळट होता. मी म्हणालो, तिखट संपलं काय गं? ती म्हणाली, खाऊन पाहा. खाल्लं तर डोळ्यांत पाणी आलं. तिखट होतं, भरपूर होतं. फक्त दिसत नव्हतं. तिच्या कपाळावरची टिकली कातडीच्या रंगाची होती. तिने माझी नजर पाहिली आणि म्हणाली की पूर्ण पाकीट असंच निघालं, दुकानदाराला परत करणार आहे.

दरवाज्याचा निळा रंगही उडालेला दिसला. उन्हाने उडतो. पश्चिमेकडचा दरवाजा, टिनाची तापलेली खोली. मी स्वतःला हेच सांगितलं, आणि ते पटण्यासारखं होतं. पण रंग उडतो तेव्हा पापुद्रे निघतात, खाली जुना रंग दिसतो. हा दरवाजा गुळगुळीत पांढरा होता.

खरं सांगायचं तर मी दरवाज्याकडे फार वेळ पाहिलंच नाही. लाल नसलेली प्रत माझ्या मांडीवर होती. वादळवीरची बंडी कोरी, खाणीतली आग पिवळी, कैद्याच्या कपाळावरची जखम म्हणजे नुसती रेघ. इतकी सुंदर चूक मी पाहिली नव्हती. कॉमिक जमवणाऱ्यांच्या ग्रुपवर अनुपची प्रत म्हणून फोटो टाकला तर लगेच उत्तरं यायला लागली. कोण हा माणूस, कुठे राहतो, नंबर द्या. माझ्या नावाने टाकलेल्या फोटोखाली सगळे अनुपची चौकशी करत होते.

घरी जाताना मी गाडी नको तितक्या जोरात हाणली.

४

पिवळ्याची प्रत त्याने स्वतःहून दाखवली नाही. मीच कपाट उघडायला लावलं.

तोवर खोली विचित्र झाली होती. भिंती, चादर, पलंगाखालची प्लास्टिकची बादली, सगळं आधार कार्डाच्या झेरॉक्ससारखं. अनुपही तसाच. तो उजेडाला पाठ करून बसला म्हणून असेल, असं मला वाटलं. मग तो उठून खिडकीत आला आणि तसाच राहिला. दर्ग्याच्या बाजूने कव्वालीचा भोंगा ऐकू येत होता, खाली मंजुषा भांडी घासत होती. आवाज सगळे धडधाकट होते.

मी सातवा अंक उघडला. तेराव्या पानाच्या कोपऱ्यात अंगठ्याचा ठसा होता.

तो ठसा माझा होता. लहानपणी मी जेवता जेवता हा अंक वाचायचो आणि वरणाने भरलेला अंगठा पानावर उमटला होता. त्यासाठी आईचा मार खाल्ला होता. मामाने दिलेली ती प्रत मी गेल्या दिवाळीत अनुपला दिली होती, बदल्यात त्याच्याकडून सायकलच्या जाहिरातीचा दुसरा सातवा अंक घेतला होता. पूर्ण रंगांची प्रत होती. पिवळी केप मी लहानपणी बोटाने गिरवलेली.

ठसा अजून तिथेच होता. तेलाचा डाग, अंगठ्यावरच्या रेषांसकट. फक्त पिवळा नव्हता.

हळदीचा डाग उन्हात जातो, हे घराघरातल्या बायांना माहीत आहे. मलाही माहीत होतं. पण ही प्रत कुलपात होती. आणि समजा छपाईत पिवळा राहून गेला, तरी माझ्या आईची हळद त्या मशिनीत नव्हती.

"ही माही आहे," मी म्हणालो.

"हो. तूच देल्ली होती."

"मंग चुकलेली कशी?"

अनुप पिशवीचं तोंड उगाच दुमडत राहिला.

मला भीती वाटायला हवी होती. थोडी वाटलीही. पण त्याहून मोठा विचार असा, की माझ्याकडे असताना ती साधी प्रत होती. वीस वर्षं माझ्या पेटीत साधी पडून राहिली, आणि याच्या कपाटात जाताच सोनं झाली.

५

खाली जिन्याशी मंजुषाने मला थांबवलं. तिने हळदीचं दुकान दोनदा बदललं होतं तरी वरण पांढरंच होत होतं. भेसळ फार वाढली, असं म्हणत होती, पण म्हणताना माझ्याकडे पाहत नव्हती. अनुप दुकानात जात नव्हता. रस्त्यावर लोक पाहत राहतात म्हणे.

"ऋषीभाऊ, तुमचं ऐकते तो. ते कॉमिक घरातून काढा ना."

मी परत वर गेलो. अनुपने तिचं बोलणं ऐकलं असावं. तिन्ही प्रती त्याने धोतरावर ओळीत मांडल्या होत्या आणि गळ्यातली चावीही काढून शेजारी ठेवली होती.

"घेऊन जाय," तो म्हणाला. "तुह्या वाचनालयात लाव. पोरायले पाहू दे. मले नाई पाह्यजे."

ज्याच्यासाठी मी जळत होतो ते त्याने रिकाम्या बाटल्यांसारखं पुढे सरकवलं. त्याला त्या नको होत्या, याचाच मला जास्त राग आला. आणि तीन नेऊन मी काय करणार होतो? अर्धवट सेट भिंतीवर लावायचा आणि खाली लिहायचं, अनुपकडून भेट? चौथी पुढे त्याच्याचकडे येणार, हे मला दिसत होतं. मग ग्रुपवर पुन्हा त्याचंच नाव.

"तीन कायले?" मी म्हणालो. "चौथी येऊ दे. मंग चारही एकदम नेतो."

"चौथी काळ्याची आहे, ऋषी."

"माहीत आहे मले."

टिनावर कावळा चालत होता, त्याच्या नखांचा आवाज येत होता. अनुपच्या चेहऱ्यात आता केस, भुवया, डोळ्यांच्या बाहुल्या आणि कडेची रेघ एवढंच उरलं होतं. पेन्सिलीने काढून रंगवायचं राहून गेलेलं चित्र असतं तसं.

"काळा गेला तर काय राह्यते बे?"

मी हसलो. मला वाटतं, मी हसलो. तो म्हणाला, "तुले खरंच पाह्यजे काय?"

"हो," मी म्हणालो. "पाह्यजे."

६

त्या आठवड्यात मी घरी पेटी उघडून माझ्याकडचा सातवा अंक रोज पाहत होतो. सायकलच्या जाहिरातीचा. चारही रंग ठणठणीत. मी त्यावर हात ठेवून मनातल्या मनात मागूनही पाहिलं, काळा जाऊ दे, माझ्या प्रतीतला जाऊ दे. काही झालं नाही. स्वतःची लाज वाटली, आणि दुसऱ्या दिवशी मी पुन्हा मागितलं.

मग एका दुपारी अनुपचा मेसेज आला. फोनवर पांढरा चौकोन दिसला, आत काहीच नव्हतं. फोन बंद करून चालू केला. तोवर दुसरा आला. तो उंच होता, आठ-दहा ओळी लिहिल्या की होतो तेवढा, आणि पूर्ण कोरा.

मी गाडी काढली.

मंजुषा शाळेत होती, खालचा दरवाजा नुसता लोटलेला होता. जिना चढताना वर पलंग करकरल्याचा आवाज आला, म्हणून मला धीर आला. दार ढकललं.

बाहेर ऊन रणरणत होतं, म्हणून खोली इतकी पांढरी दिसली असेल. कपाट कुठे संपतं आणि भिंत कुठे सुरू होते ते कळत नव्हतं. खिडकीचे गज अंधुक होते. पलंगाच्या खिडकीकडच्या टोकाला अनुप बसलेला होता, म्हणजे त्याच्या पाठीची रेघ होती, एका कानाची, आणि खांद्यापासून कोपरापर्यंतची. शाई संपत आलेल्या पेनने ओढावी तशी ती तुटत होती.

त्याच्यासमोर चार प्रती होत्या.

मी आधी प्रत उचलली.

चौथीत एकही रेघ नव्हती, एकही अक्षर नव्हतं. केपचा पिवळा होता, बंडीचा लाल, विजारीचा निळा, पण त्यांना धरून ठेवणारं काही नव्हतं. मुखवट्याच्या जागी भोक. कैदी ओरडतो त्या पानावर बोलण्याचे फुगे रिकामे होते. मी एकेक पान उलटलं. मला किती वेळ लागला ते माहीत नाही. इतका आनंद मला कधी झाला नव्हता, आणि तो चालू असतानाच मला आठवलं की अनुप अजून काही बोललेला नाही.

मान वर केली तर पलंगावर कुणी नव्हतं. गादी मात्र त्या टोकाला दबलेली होती.

मी हाक मारली नाही. हळूच बाकीच्या तीन प्रती गोळा केल्या. शेवटची उचलताना पलंग करकरला, आणि गादीतला खड्डा सरकत पलंगाच्या कडेपर्यंत आला. माणूस उठण्याआधी कडेला सरकून बसतो तसा. मग गादी फुगून वर आली.

मी जिना उतरलो. माझी चप्पल एका पायरीवर वाजत होती आणि एक पायरी मागे आणखी काहीतरी वाजत होतं. पत्र्याचा जिना आहे, घुमतो.

गाडीला किक मारली, प्रती पिशवीत घालून ती हँडलला अडकवली. निघणार तोच मागची सीट दबली. अनुपला दुकानावर सोडताना तो मागे बसायचा तेव्हा ती जेवढी दबायची, तेवढीच.

७

अनुप पुण्याला गेला असावा असं मंजुषा लोकांना सांगते. ती एकदा इंझोरीला येऊन गेली. समाजमंदिराच्या दारात उभी राहून तिने विचारलं की त्या दिवशी दुपारी मी घरी आलो होतो काय, आणि अनुपची कॉमिकं माझ्याकडे आहेत काय. असली तर देऊन टाका म्हणाली, ती कपाटात परत ठेवली तर कदाचित. वाक्य तिने पुरं केलं नाही. मी नाही म्हणालो. पाण्याचं विचारलं. ती पाणी न घेता गेली.

प्रती मी वाचनालयात लावलेल्या नाहीत. लावणार आहे. काच चांगली मिळाली पाहिजे, शिवाय पोरांचे हात कसे असतात ते मला माहीत आहे. सध्या त्या घरी पेटीत आहेत आणि चावी माझ्या गळ्यात आहे. चारही माझ्याकडे आहेत. तरी दुपारी घर शांत झालं की बंद पेटीतून पानं उलटल्याचा आवाज येतो, आणि तो उलटणारा शेवटच्या पानावर माझ्याआधी पोचतो. एवढं करूनही त्या त्याच्याच आहेत, असं वाटून माझे कान तापतात.

त्या कुणाला तरी देऊन टाकाव्यात, हा विचार मी केला. जाळून टाकाव्यात, हाही केला. काडी हातात घेतली होती. मग डोळ्यांसमोर ग्रुपवरचा एखादा शहरातला माणूस आला, ज्याला यातलं काही कळत नाही आणि ज्याच्याकडे उद्या दुसरा सेट निघेल. माझाच तेवढा राख झालेला. काडी बोटाला चटका देऊन विझली.

आज जेवायला बसलो तर आईने ताट पुढे केलं आणि स्वतःच ताटाकडे पाहत राहिली. वरण पांढरं होतं. वाटीच्या कडेला, कोथिंबिरीखाली, सगळीकडे पांढरं. कोथिंबीरही कशीतरी राखेसारखी. उजेडासाठी तिने दार पूर्ण उघडलं. दाराला पाठ करून ती उभी राहिली तेव्हा तिच्या पदराचा रंग कोणता, ते मला सांगता येईना.

"कालच नवी हळद आणली रे," आई म्हणाली. "दोन चमचे टाकली. काय झालं असंल?"

आतल्या खोलीत पेटीजवळ खाट करकरली. आईने तिकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

मी भातावर वरण ओतून घेतलं.

"भेसळ असंल," मी म्हणालो. "दुकान बदलून पाह्य."